तीन आणे की पंधरा आणे?

१९६३ च्या पोटनिवडणुकीत डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादहून लोकसभेत आले. त्याच ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवरील अविश्वास ठरावाच्या चर्चेत त्यांनी सांगितले, की देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंचे उत्तर होते, पंधरा आणे. पण ही साऱ्या देशाची सरासरी. तीत गिरणीमालकही आला आणि शेतमजूरही. लोहियांनी वरच्यांचा वाटा वजा करून तळाच्या साठ टक्क्यांचा हिशेब मांडला होता. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, वाद मात्र सप्टेंबरपर्यंत चालला. अखेर गुलझारीलाल नंदांनी तळच्या वर्गासाठी साडेसात आणे सांगितले. लोहियांचा आकडा बहुधा अतिरेकीच. तरी सरकारी पंधराचे निम्मे झाले.