पद्मिनीचा वॉटर पंप : एका सुट्या भागातून दिसणारी मुंबई

१/११
२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तिच्या रंगरूपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडमध्ये तिच्या बॉनेटखाली, वॉटर पंपापाशी थांबू.

२/११
इंधन जळताना निर्माण होणारी उष्णता पाण्यामार्फत रेडिएटरपर्यंत पोहोचवणे, हे या पंपाचे काम. पद्मिनीत पंप आणि पंखा एकाच दांड्यावर बसतात व पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाबरोबर फिरतात. त्यामुळे माहीम ओलांडून खारदांड्याकडे निघालेली टॅक्सी वाहतुकीत खोळंबली, की पंप आणि पंखा दोन्ही मंदावत. आणि नेमक्या त्याच वेळी समोरून येणारा वाराही थांबलेला असे. दुबळ्या पंपाची खरी परीक्षा तिथे होई.

३/११
पंप हा मोटारीचा जन्मजात अवयव नव्हे. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’च्या सुमारे पहिल्या २,५०० गाड्यांना तो होता, पुढे तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर लाखो गाड्या धावल्या. इंजिने अधिक शक्तिशाली झाली, तसा पंप अपरिहार्य ठरला.

४/११
पद्मिनीच्या इंजिनाचे मूळ १९३७ च्या इटलीत आहे. दान्ते जाकोसा या अभियंत्याने घडवलेल्या फियाटच्या ‘५०८ सी’ गाडीत १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. हीच मापे मुंबईच्या पद्मिनीत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

५/११
इटलीतले इंजिन कुर्ल्यात आले ते वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीमुळे. सोलापूरात जन्मलेल्या या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लरशी सहकार्य होते. पन्नाशीच्या दशकात फियाटची जोड मिळाली. १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली.

६/११
निर्णायक वळण १९५३ चे. टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारचे धोरण स्पष्ट झाले : केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांनी देशात प्रत्यक्ष उत्पादन करावे, अन्यथा बाहेर पडावे. शिवडीत १९२८ पासून जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने काम थांबवले. जे उरले, त्यांना एकेक भाग टप्प्याटप्प्याने येथेच घडवावा लागला.

७/११
या धोरणाला दोन बाजू होत्या. ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागली आणि स्पर्धेअभावी जुनेच इंजिन चालू राहिले. परंतु इंजिन न बदलल्यामुळे कारागिराचे ज्ञानही शिळे झाले नाही. उस्तादाकडे शिकलेले काम शागिर्दाला उभ्या हयातीत पुरले.

८/११
ते काम असे. दांड्याखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकू लागले, किंवा पंखा हाताने हलवल्यावर डुगडुगला, की सील वा बेअरिंग गेले असे समजावे. थंड इंजिनातले पाणी काढायचे, पट्टा सैल करायचा, पंखा व पुली उतरवायची, मग पंप. जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडून नवे बसवायचे. शेवटी पाणी भरताना आत अडकलेली हवा बाहेर काढायची. ती राहिली, तर नवा पंपही व्यर्थ.

९/११
मात्र पुष्कळदा नवा पंप घेतलाच जात नसे. कवच तेच ठेवून आतले सील, बेअरिंग आणि दांडा तेवढा बदलायचा. गरज पडल्यास लेथवर काम करून घ्यायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या भागांचा बाजार आणि चोर बाजार यांनी हे दुरुस्तीचे अर्थकारण पोसले. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलेला हा दुसरा, विखुरलेला कारखानाच होता.

१०/११
खारदांड्याच्या कोळीवाड्यासारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीत या यंत्रविद्येची दुसरी शाखा भेटते. यांत्रिक होडीचे डिझेल इंजिनही पंपाने खेचलेल्या पाण्यावर थंड राहते. फरक इतकाच की होडीला समुद्राचे पाणी अमर्याद मिळते आणि तेच खारे पाणी धातू खाते. रस्त्यावर पंप बिघडला, तर गाडी कडेला लागते. समुद्रात बिघडला, तर प्रश्न माणसांच्या परतण्याचा असतो.

११/११
वालचंदांचे चरित्र ग्रंथालयात मिळते. धोरणांचे अहवाल अभिलेखागारात मिळतात. पंपाचा आवाज ऐकून बेअरिंगची अवस्था ओळखणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. टॅक्सी निवृत्त झाली, तसे ते हातही निवृत्त होत आहेत. आपल्या परिसरात असा एखादा वृद्ध मिस्त्री असेल, तर त्याची परवानगी घेऊन त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, हत्यारांची नावे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, गॅरेजची जुनी बिले जपा. उद्याच्या इतिहासकाराला मुंबईचे औद्योगिक जीवन समजून घ्यायचे असेल, तर ही साधने लागणार आहेत. आणि ती गोळा करण्याची वेळ आजची आहे.