गिटारीच्या पोटांतील इतिहास

जुन्या वाद्याची पारख करणारा मनुष्य प्रथम त्यावरील नांव वाचतो, आणि पुष्कळदां तेथेंच फसतो. अमेरिकेंतील मार्टिन घराण्याच्या गिटारी हें याचें उत्तम उदाहरण होय. या घराण्याचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा सॅक्सनींतील कारागीर. तो १८३३ सालीं अमेरिकेस गेला व पुढें कांहीं वर्षांनीं पेनसिल्व्हेनियांतील नाझरेथ या गांवीं स्थायिक झाला. त्याच्या वंशजांनीं १९३१ सालीं रुंद व खोल पोटाची मोठी गिटार आपल्या नांवानें विकावयास काढली.

तिच्या दोन प्रकारांतील भेद लांकडावरून कळतो. दोहोंचा दर्शनी तक्ता स्प्रूसचाच. परंतु ‘डी-१८’ची पाठ व बाजू तांबूस महॉगनीच्या, तर ‘डी-२८’च्या त्या काळीं ब्राझिलमधील गर्द, काळ्या रेघांच्या शिसवीच्या असत. खरी अडचण येते ती एकाच नांवाच्या दोन गिटारी समोर आल्या म्हणजे.

जुन्या ‘डी-२८’च्या कडेला माशाच्या कांट्यासारखी नक्षी असे. ती १९४७ च्या सुमारास बंद झाली. म्हणून नक्षी दिसतांच घेणारा हुरळून जातो. परंतु तक्त्याच्या आंतल्या अंगास फुलीच्या आकारांत बसविलेल्या आधाराच्या पट्ट्या निराळीच साक्ष देतात. १९४४ च्या अखेरीपर्यंत या पट्ट्या मधून मधून खोलगट तासलेल्या असत. त्यामुळें तक्ता हलका राही व आवाज भरदार निघे. पुढें वादक जाड तारा चढवूं लागले, तक्ते फुगूं लागले, आणि कारखान्यानें तासणें सोडून दिलें. अर्थात् १९४५ व १९४६ सालच्या गिटारींत नक्षी आहे, पण तासलेल्या पट्ट्या नाहींत. लहानसा आरसा व दिवा यांच्या साह्यानें वाद्याच्या तोंडांतून हें पाहतां येतें. मानेच्या सांध्यापाशीं आंत ठोकलेला अनुक्रमांकहि वर्ष सांगतो. महायुद्धाच्या काळांत पोलादाची टंचाई झाल्यामुळें मानेंत पोलादी दांडीऐवजीं अबनूस घालीत. अशा मानेला लोहचुंबक ओढला जात नाहीं.

१९६९ च्या अखेरीस ब्राझिलच्या लांकडाचा वापर सरला आणि त्याची जागा हिंदुस्थानांतील शिसवीनें घेतली. महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांतून शिसवी झोपाळे व पेट्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ही शिसव परकी वाटणार नाहीं. तिचा रंग बहुधा जांभळट व रेषा सरळ असतात. ब्राझिलची शिसव अधिक चित्रविचित्र. तरी केवळ डोळ्यांवर विसंबणें धोक्याचें आहे.

ही चूक आतां केवळ पैशाची राहिलेली नाहीं. बेसुमार तोडीमुळें ब्राझिलच्या शिसवीचीं झाडें दुर्मिळ झालीं, आणि १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनें आहेत. परवान्यावांचून असें वाद्य सीमेपलीकडे नेणारा कायद्याच्या कचाट्यांत सांपडूं शकतो. वाद्याचें लांकूड ओळखणें म्हणजे एका उजाड होत गेलेल्या अरण्याची खूण ओळखणेंहि होय. नांव बाहेर लिहिलेलें असतें. हिशेब मात्र आंत असतो.