बाख ल्युबेकला चालत गेला, हे कशावरून?

पाश्चात्त्य संगीताबद्दल थोडंफार वाचलं असेल तर ही गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. १७०५ साली जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या चर्चमधला वीस वर्षांचा ऑर्गनवादक योहान सेबास्टियन बाख सुमारे ४०० किलोमीटर चालत ल्युबेकला गेला. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये डीट्रिख बुक्स्टेहुडे ऑर्गन वाजवायचा. ख्रिसमसच्या आधीच्या काही रविवारी तो चर्चमध्येच संगीताचे कार्यक्रम करायचा. ते उपासनेचा भाग नव्हते. प्रवेश मोफत, खर्च व्यापाऱ्यांचा. आज चर्चमध्ये ऑर्गनच्या मैफली होतात, त्यांचा इतिहास सांगताना ल्युबेकचं नाव हमखास येतं.

गोष्ट छान आहे. पण यातलं कुठलं वाक्य कुठल्या कागदावर उभं आहे?

पहिला कागद २१ फेब्रुवारी १७०६ चा. बाख परतल्यावर चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याची चौकशी केली, त्याचं हे इतिवृत्त. रजा चार आठवड्यांची होती आणि हा जवळपास चौपट काळ गायब, ही तक्रार त्यात आहे. आपल्या कलेतलं काही शिकायला ल्युबेकला गेलो होतो, हे बाखचं उत्तरही आहे. चालत गेल्याचा उल्लेख मात्र नाही.

'चालत' हा शब्द येतो दुसऱ्या कागदात, म्हणजे १७५४ साली छापलेल्या मृत्युलेखात. तो लिहिणाऱ्यांपैकी एक बाखचा मुलगा, आणि १७०५ मध्ये त्याचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे ही घरात ऐकलेली आठवण. गंमत म्हणजे या लेखात ल्युबेकचा मुक्काम जवळपास तीन महिन्यांचा आहे. मग चूक कोणाची? कदाचित कोणाचीच नाही. अधिकारी एकूण गैरहजेरी मोजत होते, मृत्युलेख फक्त मुक्काम. जाण्यायेण्याचे दिवस मिळवले की आकडे बरेच जवळ येतात.

तिसरा कागद १७५२ चा, ल्युबेकच्याच कास्पार रुएट्झ या संगीतकाराचा. बाजार उघडण्याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी बुक्स्टेहुडेच्या आधीचा वादक फ्रान्झ ट्युंडर ऑर्गन वाजवायचा आणि त्यातून हे कार्यक्रम सुरू झाले, ही कथा त्याच्याकडून आली. पण ट्युंडर वारला १६६७ मध्ये, रुएट्झ जन्मला १७०८ मध्ये.

आणि चौथा कागद नाहीच. २ आणि ३ डिसेंबर १७०५ ला बुक्स्टेहुडेने दोन खास मोठे कार्यक्रम केले. त्यांचे छापील शब्द उरलेत, संगीत हरवलं. बाखने ते ऐकले असतील असं जवळपास सगळेच मानतात. तो तिथे बसला होता, असं सांगणारा समकालीन कागद मात्र नाही.

मी मूळचा सायन्सचा. रीडिंगपुढे ± लिहायची सवय होती, पण पहिल्या सिनॉप्सिसच्या इतिहासाच्या भागात असली सगळी विधानं एकाच ठाम सुरात लिहून टाकली. गाईडनी प्रत्येकासमोर पेन्सिलने 'कशावरून?' लिहून ती परत केली. तेव्हा राग आला होता.

आता मी तीन रकाने आखतो: विधान, ते सांगणारा सर्वांत जुना कागद, आणि घटना व कागद यांतलं वर्षांचं अंतर. 'रजा चौपट लांबली' यापुढे काही दिवस येतात. 'चालत गेला' यापुढे ४९ वर्षं. 'डिसेंबरचे कार्यक्रम ऐकले' याचा दुसरा रकाना रिकामाच राहतो. तिन्ही विधानं लिहायला हरकत नाही, फक्त क्रियापद बदलायचं: नोंद आहे, सांगितलं जातं, शक्यता आहे.

तुमच्या प्रपोजलच्या पहिल्या पानावर हे एकदा करून बघा.