सह्याद्रींतील धावड व त्यांचें लोहकर्म

(१) कोंकणांत धातु नाहीं, हा समज आम्हीं लहानपणीं शाळेंत गिरविला, व पुढें शिक्षक झाल्यावर तोच मुलांकडून गिरवून घेतला. भात, आंबा, नारळ, मासळी व जांभा दगड, येवढी जिल्ह्याची संपत्ति सांगून आमचा धडा संपत असे. आम्ही दापोलीस असतां वर्गांतील एक मुलगा मे महिन्याच्या सुटींत महाबळेश्वराच्या बाजूस आजोळीं जाऊन आला. येतांना त्यानें मुठीयेवढा एक काळा तुकडा आणला. तो आकाराच्या मानानें फार जड, बारीक छिद्रांनीं भरलेला आणि एका अंगास मेण ओघळून थिजावें तसा होता. आपली आजी ह्यास लोखंडाचें कीट म्हणते, असें तो म्हणाला. आम्हीं हंसून तो ज्वालामुखीचा दगड असल्याचें सांगितलें व वर्गाच्या खिडकींत ठेवून दिला. आजीचें म्हणणें खरें व आमचें चुकीचें होतें, हें आम्हांस सेवानिवृत्तीनंतर संस्कृत रसग्रंथ वाचूं लागल्यावर कळलें. त्या चुकीची दुरुस्ती, व तिच्यामुळें लक्षांत आलेल्या साधनांचा विचार, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम दगडाविषयीं. सह्याद्रि व त्याच्या पायथ्याचें कोंकण हीं सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचीं बनलेलीं आहेत. ऊन व मुसळधार पाऊस यांच्या आळीपाळीनें त्या पाषाणांतील चुना, सिलिका इत्यादि द्रव्यें विरघळून वाहून जातात, आणि लोह व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें मागें राहतात. हाच जांभा. तो महाबळेश्वराच्या माथ्यावर आहे, तसा दापोलीच्या सड्यावरहि आहे. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत हा दगड विटांसारखा कापतांना पाहिला, व १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत त्यास विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हें नांव दिलें. खाणींत मऊ असणारा व हवा लागून टणक होणारा हा चिरा आम्ही घरोघर भिंतींत पाहतों. परंतु त्याचा तांबडा रंग लोखंडाचा आहे, हें सहसा मनांत येत नाहीं. अर्थात् सर्वच जांभा गाळण्याजोगा नसतो. ज्या थरांत लोहाचा अंश पुष्कळ, तोच वेंचून घ्यावा लागतो. आणि ही निवड हें लोखंड गाळणाराचें पहिलें कौशल्य होय.

(३) सह्याद्रींत हें काम करणाऱ्या लोकांस धावड म्हणत. धातु या संस्कृत शब्दांतील मधला तकार प्राकृतांत लोपून धाउ झालें, व मराठींत धाऊ म्हणजे लोहयुक्त तांबडा दगड असा अर्थ रूढ झाला. त्यास ड प्रत्यय लागून धावड शब्द सिद्ध होतो, असें आमचें मत आहे. धावणें या क्रियापदाशीं त्याचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. मात्र ग्रामनामांवरून अनुमान काढतांना सावध राहिलें पाहिजे, कारण धावडा नांवाचा वृक्षहि याच डोंगरांत वाढतो. ब्रह्मेंद्रस्वामींच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेल्या धावडशीचें उदाहरण घेतलें, तर केवळ नांवावरून तेथें भट्ट्या होत्या असें म्हणणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं.

लेखी पुरावा अलीकडचा आहे, पण स्पष्ट आहे. सातारा जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटिअरांत महाबळेश्वराकडील लोखंडाचा व तें गाळणाऱ्या मुसलमान धावडांचा उल्लेख असून, धंदा बसल्याचीहि नोंद आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १९१६ सालच्या महाबळेश्वरावरील ग्रंथांतहि तेथील डोंगरी लोकांत धावड येतात. रत्नागिरीच्या १८८० सालच्या गॅझेटिअरांत मालवणच्या बाजूस पूर्वीं लोखंड गाळीत असल्याचें सांगितलें आहे. तो भाग १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतो.

(४) याच्या मागच्या काळासाठीं कागद शोधीत बसण्यापेक्षां जमीन वाचावी, आणि ती कशी वाचावी हें आपल्याच एका ग्रंथांत सांगितलें आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं मुद्रित केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत आकराध्यक्षाचीं कर्तव्यें दिलीं आहेत. पूर्वीं चाललेली खाण कीट, मूषा, कोळसा व राख या चार चिन्हांवरून ओळखावी, असा तेथील आशय आहे. लोखंडाच्या धातुपाषाणाचा रंग फिकट तांबडा किंवा निर्गुडीच्या फुलासारखा असतो, असेंहि तेथें म्हटलें आहे. आजचा उत्खनक याच चिन्हांच्या मागावर असतो. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं १९७८ ते १९८० या काळांत उत्खनन केलें. तेथें लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष व कीट मिळालें, आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० ठरला. महाराष्ट्रांतील लोहकर्माचें वय त्या एका भट्टीनें जितकें निश्चित झालें, तितकें कोणत्याहि पोथीनें झालें नव्हतें.

(५) कीट इतकें बोलकें कां, हें समजण्यास गाळण्याची क्रिया पाहिली पाहिजे. पुरुषभर किंवा त्याहूनहि ठेंगणी मातीची भट्टी करावयाची, तींत लांकडी कोळसा व फोडलेला धाऊ यांचे थर आळीपाळीनें टाकावयाचे, आणि खालून मातीच्या नळीनें कातड्याच्या भात्याचा वारा अखंड द्यावयाचा. कोळशाचा वायु दगडांतील प्राणवायु ओढून घेतो व लोह मोकळें होतें. लोखंड वितळण्यास सुमारें १५४० अंश सेल्सिअस उष्णता लागते. अशा भट्टींत ती बाराशेंच्या आसपासच राहते. म्हणून लोखंड वितळत नाहीं. त्याचा जाळीदार गोळा बनतो, आणि दगडांतील मळ तेवढा कांहीं लोहासह पातळ होऊन वाहतो. तेंच कीट. गोळा तापवून व घणानें ठोकून उरलेला मळ पिळून काढावा, तेव्हां फाळ, कोयता किंवा विळा घडण्याजोगें लोखंड मिळे. लोखंड गंजून नाहींसें होतें, भट्टी पावसानें ढासळते, पण कीट शेंकडों वर्षें तसेंच राहतें. आमच्या विद्यार्थ्याच्या तुकड्यावरील ओघळ हा या क्रियेचा साक्षीदार होता.

(६) या कीटाची आठवण आणखी एका शास्त्रानें जपली आहे. वैद्य ज्यास मंडूर म्हणतात व पांडुरोगावर देतात, तें मुळांत जुनें लोहकीटच होय. रसग्रंथांत शंभर वर्षांचें कीट उत्तम, ऐंशींचें मध्यम व साठांचें कनिष्ठ मानून, त्याहून कोंवळें विषासमान सांगितलें आहे. वैद्यकदृष्ट्या या नियमाचें मोल कांहींहि असो, इतिहासदृष्ट्या त्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, बंद पडलेल्या भट्ट्यांच्या राशी देशांत इतक्या होत्या कीं त्यांची प्रतवारी करणें शक्य झालें. दुसरी, अमुक रास कोणाच्या अमदानींतली हें सांगणारे लोक गांवांत असत. नाहीं तर शंभर व साठ यांतला भेद वैद्यास कळणार कसा? त्या मुलाची आजी याच परंपरेंतली होती. आम्हीं संस्कृत शिकूनहि तिच्या शब्दाकडे दुर्लक्ष केलें.

(७) हा धंदा दगड संपल्यामुळें बुडाला नाहीं. दगड आजहि पायांखालीं आहे. विलायती लोखंड जहाजांनीं मुंबईस उतरूं लागलें, १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाल्यावर तें घाटावरहि स्वस्त मिळूं लागलें, आणि १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलांत कोळसा पाडणें दुरापास्त झालें. किंमत व सर्पण या दोन्ही बाजूंनीं धावड कोंडला गेला. येथें जंगलाची बाजूहि सांगितली पाहिजे. मिळणाऱ्या लोखंडाच्या कित्येक पट कोळसा भट्टींत जळे, व कृष्णा-कोयनेच्या उगमावरील झाडी राखणें अवश्यच होतें. परंतु झाडी राखतांना पिढ्यान्पिढ्यांच्या कारागिरास दुसरें काम कोणतें द्यावें, हा विचार झाला नाहीं. आणि त्याच्याबरोबर दगड पारखणारी दृष्टि गेली.

(८) त्या दृष्टीची उणीव दापोलीस आज भासते. जांभ्यांत जेथें लोहापेक्षां ॲल्युमिनियम अधिक, तेथें तो बॉक्साइट होतो. फ्रान्समधील ले बो या गांवीं पिएर बेर्तिए यास तो १८२१ सालीं आढळला, व त्या गांवावरून हें नांव पडलें. दापोली तालुक्यांत उंबर्शेत-रोवले भागांत हा दगड खणून बाहेर पाठविला गेला. सुमारें चार टन बॉक्साइटांतून एक टन धातु निघतो, पण तो कोळशाच्या भट्टींत निघत नाहीं. १८८६ सालीं हॉल व एरू यांनीं शोधलेल्या रीतीनें त्यास विजेचा प्रचंड पुरवठा लागतो. म्हणून येथें राहतो तो खड्डा, आणि धातु व विद्या दोन्ही परस्थळीं. धावडाच्या डोंगरांत निदान कीट तरी उरलें. येथें कौटिल्याच्या चार चिन्हांपैकीं एकहि उरणार नाहीं.

सह्याद्रींतील कीटाच्या राशींसहि आतां भय आहे. रस्त्याच्या भरावास असला जड दगड सोयीचा पडतो, व यंत्र लागलें कीं रास एका दिवसांत नाहींशी होते. म्हणून वाचकांस विनंति कीं, डोंगरांत असा ओघळलेला काळा दगड दिसल्यास जागा, राशीची लांबीरुंदी, जवळचें पाणी व गांवकरी सांगतात तें नांव टिपून मंडळाकडे पाठवावें. रास हलवूं नये. विशेषतः म्हाताऱ्या माणसांस विचारावें व त्यांचें उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. खिडकींत ठेवलेला तो तुकडा आम्हीं पुढें शोधला, पण दरम्यान खोलीस रंग दिला गेला होता व तो मिळाला नाहीं. ज्यानें तो आणला त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस हा लेख पडला, तर त्याची आजी बरोबर होती, येवढें त्यास आमच्याकडून कळावें.