दिव्याच्या पाठीमागे

ब्रिटनचा नकाशा समोर घ्या. त्या लांबोळक्या बेटाच्या माथ्यावर, अगदी डाव्या कोपऱ्यात, किनारा एकाएकी काटकोनात वळतो. त्या कोपऱ्याचे नाव केप रॅथ. ‘रॅथ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शाळकरी मुलगाही कोशात पाहून सांगेल की क्रोध. तेव्हा हे क्रोधाचे भूशिर! नाव शोभूनही दिसते. येथून वायव्येला तोंड करून उभे राहिले तर पुढे नुसता अटलांटिक. थोडे पूर्वेला क्लो मोर नावाचे कडे आहेत. ते समुद्रापासून सुमारे ९०० फूट उंच, ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच सागरी कडे. हिवाळ्यात वादळ उठले म्हणजे येथे क्रोधाखेरीज दुसरे काय सुचणार?

पण नावाचा अर्थ तो नव्हे. हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो नॉर्वेच्या जुन्या दर्यावर्दी लोकांचा ‘ह्वार्फ’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे वळण. नॉर्वेहून निघालेली गलबते ऑर्कने बेटे गाठीत, तेथून पश्चिमेला येत, आणि हा कडा दिसला की सुकाणू डावीकडे फिरवून दक्षिणेच्या बेटांकडे जात. तो शब्द गेलिक भाषेने आपल्या वळणाने उच्चारला. टोकामागच्या माळरानाला आजही ‘पार्फ’ म्हणतात. इंग्रजांनी मात्र त्यात आपला क्रोध पाहिला. या परगण्याचे सदरलंड हे नावही याच दर्यावर्दींचे. त्याचा अर्थ दक्षिणेचा मुलूख! ब्रिटनच्या उत्तर टोकाला दक्षिण म्हणणारा मनुष्य कोठे उभा राहून बोलत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

नावाचा हा घोटाळा मी मुद्दाम आरंभी सांगितला. कारण या टोकाच्या मागे आणि पुढे पसरलेली ओसाडी पाहून प्रवासी तीच चूक पुन्हा करतात. मैलोगणती घर नाही, शेत नाही, चुलीचा धूर नाही. मनुष्य म्हणतो, निसर्गाचा कोप! आणि पुढे जातो. पण येथेही शब्द नीट वाचायला हवा. ही ओसाडी पुष्कळशी कोपाची नाही, वळणाची आहे. आणि ते वळण समुद्राने दिले नाही, माणसांनी दिले.

समुद्राने केलेली ओसाडी कशी असते तेही या मुलखात पाहायला मिळते. टोकापासून सुमारे ४५ मैलांवर, भर समुद्रात, नॉर्थ रोना हे चिमुकले बेट आहे. तेथे संत रोनानचे जुने प्रार्थनामंदिर आणि त्याच्याभोवती मोजकी वस्ती होती. पाच कुटुंबे, जेमतेम तीस माणसे. जमीन तेवढ्यांनाच पुरे, म्हणून संख्या वाढली की जादा माणसे ल्यूइस बेटावर पाठवून द्यायची अशी त्यांची रीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर कोठून तरी उंदीर आले आणि त्यांनी सातूचा साठा फस्त केला. त्यातच एका जहाजाचे खलाशी उतरले आणि गावचा एकुलता बैल घेऊन गेले. वर्षभर दुसरी होडी आली नाही. पुढे वादळाने भरकटलेला एक मनुष्य तेथे पोहोचला तेव्हा खडकाच्या आडोशाला एक बाई पडलेली होती, छातीशी मूल होते, आणि दोघेही मेलेली होती. मार्टिन मार्टिन या स्कॉटिश लेखकाने १७०३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ही हकिगत दिली आहे. तिच्यात दुष्ट असा कोणी नाही. बैल नेणारे खलाशी सोडले तर सारा दैवाचा खेळ.

आता मुख्य भूमीवर येऊ. साल १८१४. ऑगस्ट महिन्यात एक देखणे गलबत या किनाऱ्याला आले. त्यावर उत्तरेकडील दीपगृहांचा कारभार पाहणारे सरकारी सभासद होते, त्यांचा इंजिनियर रॉबर्ट स्टीव्हन्सन होता, आणि पाहुणा म्हणून सर वॉल्टर स्कॉट होता. स्टीव्हन्सन म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा आजोबा. भरतीत बुडणाऱ्या बेल रॉकवर दीपगृह उभारून त्याने नुकतेच नाव मिळविले होते. आणि स्कॉट म्हणजे तोच, हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना आपले टीकाकार ज्याचे नाव काढतात. त्याची पहिली कादंबरी ‘वेव्हर्ली’ जुलैतच बिननावी प्रसिद्ध झाली होती. या मंडळींनी केप रॅथ पाहिले, एरिबोलच्या खाडीत नांगर टाकला, डर्नेसजवळची स्मू नावाची प्रचंड गुहा पाहिली. फुटणारी जहाजे वाचवायची तर या टोकावर दिवा हवा, हे सर्वांना पटलेले होते. हेतू किती उदात्त!

याच उन्हाळ्यात, दोनच महिने आधी, तेथून पूर्वेला तीस मैलांच्या आत स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात दुसराच उजेड पडला होता. हे खोरे सदरलंडच्या काउंटेसच्या मालकीचे. तिथली कुळे पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळीत, थोडे ओट आणि सातू पिकवीत, गुरे विकून खंड भरीत. दक्षिणेकडे लोकरीच्या गिरण्या वाढल्या आणि लोकरीला भाव आला, तसा हिशेब बदलला. दहा-वीस गावांची कुळे मिळून देत त्याच्या कितीतरी पट खंड एकटा मेंढ्यांचा मक्तेदार देऊ लागला. मेंढ्या उन्हाळ्यात डोंगरावर चरतील. पण हिवाळ्यात त्यांना आडोशाची, गवताची खोरी लागतात. आणि नेमक्या तेथेच माणसे राहत होती! तेव्हा माणसांनी उठावे आणि किनाऱ्यावर जाऊन मासे मारावेत, असे ठरले. ज्यांनी जन्मात होडीला हात लावला नव्हता त्यांना खडकाळ किनाऱ्यावर दोन-चार एकरांचे तुकडे आखून देण्यात आले.

काउंटेसचा कारभारी पॅट्रिक सेलर जून महिन्यात माणसे घेऊन खोऱ्यात शिरला. मौज अशी की रिकाम्या होणाऱ्या जमिनीचा नवा मक्तेदारही तोच! कुळांना बाहेर काढून घरांचे छत पेटवून दिले. त्या मुलखात झाडे जवळजवळ नाहीतच. घराचे वासे हीच कुळाची खरी दौलत. दगडमातीच्या भिंती चार दिवसांत उभ्या राहतील, पण वासेच जळाले तर मनुष्य परत येऊन राहणार कसा? हे जाळणाराला पक्के ठाऊक होते. शंभरीच्या घरातल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पेटत्या घरातून उचलून बाहेर आणावे लागले. ती पाच-सहा दिवसांत वारली. १८१६ साली सेलरवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. १८१९ साली मोहीम आणखी मोठ्या प्रमाणावर चालली. डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या एका गवंड्याने पुढे लिहून ठेवले आहे की त्याने रात्री टेकडीवर चढून जळती घरे मोजली, ती अडीचशे भरली.

या घरांतले तरुण त्या वेळी होते कोठे? पुष्कळसे पलटणीत. काउंटेसच्या जहागिरीतून १८०० च्या सुमारास ९३ वी हायलंडर पलटण उभारण्यात आली होती, आणि मुलगा पाठवाल तर जमीन राखली जाईल, असा कुळांचा समज करून देण्यात आला होता. ही पलटण पुढे क्रिमियात नावाजली; १८५७ साली लखनौला आपल्याच लोकांवर चालून आली तीही हीच. घर जाळले गेलेल्यांचे नातू दुसऱ्यांची घरे जाळायला सात समुद्र ओलांडून आले. इतिहास असा मोठा निर्दय हिशेबनीस आहे.

इकडे केप रॅथचे काम पुढे सरकत होते. जवळच्याच खाणीतला दगड काढून स्टीव्हन्सनने सहासष्ट फुटांचा मनोरा उभारला. सामान नेण्यासाठी डर्नेसच्या खाडीपासून टोकापर्यंत अकरा मैलांचा रस्ता काढला. २५ डिसेंबर १८२८ रोजी, नाताळच्या दिवशी, दिवा प्रथम लागला. समुद्रापासून चारशे फुटांवरचा तो उजेड कोसच्या कोस दूर दिसू लागला. त्याने किती तारवे, किती बाप, किती मुलगे वाचविले असतील याची गणती नाही. त्या दिव्याला आणि तो लावणाऱ्या हातांना बोल लावण्याचे कोणास कारण नाही. परंतु समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या या मनोऱ्याच्या पाठीमागे मुलूख अंधारत चालला होता. आपल्याकडची ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडावी अशी जागा क्वचितच सापडेल.

टोकाचा हा मुलूख तोवर मॅके घराण्याच्या लॉर्ड रे यांच्याकडे होता. दिवा लागल्यावर वर्षभरातच, १८२९ साली, त्यांनी तो सदरलंडच्या धनाढ्य घराण्याला विकला. ‘रे’ हे नाव ओळखीचे वाटते ना? वाटणारच! मुंबईच्या हार्बर लाईनवरील रे रोड स्टेशन याच घराण्याच्या एका वारसाचे नाव मिरविते. मॅके घराण्याचे अकरावे लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. जन्माने ते हॉलंडचे. पदवी पूर्वजांची, पण पूर्वजांच्या भूमीतले वतन केव्हाच गेलेले. पुण्याची मंडई प्रथम बांधली गेली तेव्हा तिचे नावही रे मार्केट होते. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि या मंडईवरील खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता तोही फुल्यांनीच. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. त्याच साली स्कॉटलंडच्या डोंगरात काय चालले होते, ते लवकरच येईल.

आधी हांडा बेटाला भेट देऊ. केप रॅथच्या दक्षिणेला, किनाऱ्याला अगदी लागून हे बेट आहे. १८४१ च्या खानेसुमारीत येथे ६५ माणसे होती. बटाटे, मासे, कड्यावरच्या पाखरांची अंडी आणि मांस यांवर त्यांचा निर्वाह. या लोकांना राणी होती! बेटावरील सर्वांत वृद्ध विधवा हीच राणी. आणि रोज सकाळी सारे पुरुष एकत्र जमून आज कोणी काय काम करायचे ते ठरवीत. जगातल्या पुष्कळ देशांत विधवेला दाराआड बसवीत त्या काळी, या खडकावर तिला मानाचे आसन होते. १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला. एका पिकावर जगणाऱ्यांचे जे होते तेच झाले, आणि दोन वर्षांच्या आत सारे बेट उठून अटलांटिकपार गेले. राणी गेली, सभा गेली. आज तेथे उन्हाळ्यात हजारो समुद्रपक्षी कड्यांच्या कपाऱ्यांत घरटी करतात, आणि मोडक्या भिंती गवतात दडल्या आहेत.

सारेच मुकाट्याने उठले असे मात्र नाही. १८४१ साली डर्नेस येथे अचानक नोटिसा आल्या, तेव्हा पुढे झाल्या त्या बायका. त्यांनी कोर्टाच्या माणसाला हुसकून लावले. नंतर आलेल्या पोलिसांना गावकऱ्यांनी रात्रीच्या रात्री खानावळीतून पळवून लावले. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईसाठी सदरलंडचा ड्यूक भरतीला आला, तेव्हा एकही तरुण पुढे आला नाही. माणसांपेक्षा मेंढ्या प्यार होत्या ना, मग मेंढ्याच लढायला न्या, असे उत्तर त्याला मिळाल्याची कथा तेथे अजून सांगतात.

अखेर १८८३ साली सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली काही दिवस हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही होते. समितीने गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या जबान्या घेतल्या. त्यांत एका ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने १८१४ सालची आठवण सांगितली. तो तेव्हा कोवळा पोर होता. धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन त्याने नदी ओलांडली होती. जवळजवळ सत्तर वर्षे हे कोणी त्याला विचारलेच नव्हते! १८८६ साली कायदा झाला: कुळाला बेदखल करता येणार नाही, खंड वाजवी ठरेल, जमीन वारसाकडे जाईल. जी खोरी गेली ती मात्र परत मिळाली नाहीत.

वळणाचे हे टोक त्यानंतरही इतिहास पाहत राहिले. ज्या एरिबोलच्या खाडीत नॉर्वेचा राजा हाकोन १२६३ साली लार्ग्जच्या लढाईहून परतताना थांबला, त्याच खाडीत मे १९४५ मध्ये जर्मन पाणबुड्या एकामागून एक शरण आल्या. टोकामागचा बराचसा मुलूख आता लष्कराच्या सरावासाठी आहे. किनाऱ्याजवळच्या एका खडकाळ बेटावर विमाने बाँब टाकतात. दीपगृहाचे राखणदारही १९९८ साली घरी गेले. दिवा आता यंत्रावर चालतो.

परंतु एक वळण त्याआधीच घडून गेले होते. १९९३ साली, हांडाच्या दक्षिणेला, त्याच सदरलंडमधल्या असिंट भागातील कुळांनी वर्गणी गोळा करून आपण कसत असलेली एकवीस हजार एकरांवर जमीन विकत घेतली. ज्यांच्या पणज्यांना घराचे वासेही नेता आले नव्हते, ते जमिनीचे धनी झाले. तेव्हापासून स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या गावांनीही हा मार्ग धरला आहे.

केप रॅथचा दिवा आजही लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाट दाखवितो, आणि ते त्याने करावेच. पण मुलूख उजळायचा तर त्याला खिडकी हवी, खिडकीला घर हवे, आणि त्या घरातून आपल्याला कोणी उठवणार नाही असा भरवसा हवा. असिंटच्या किनाऱ्यावर आज काही खिडक्यांत तसे दिवे लागतात. दीपगृहाच्या मानाने ते फार मिणमिणते आहेत. पण ते मागच्या बाजूला, जमिनीवर आहेत.