प्रीमियर पद्मिनी : सुकाणू व पुढील निलंबन

मोटारगाडीची दिशा बदलणारी यंत्रणा म्हणजे सुकाणू आणि रस्त्याचे धक्के सौम्य करून चाके जमिनीस टेकती ठेवणारी यंत्रणा म्हणजे निलंबन होय. कारागीर त्यांना अनुक्रमे स्टिअरिंग व सस्पेन्शन म्हणतात. पुढील चाकांपाशी या दोन्ही यंत्रणा परस्परांत गुंतलेल्या असल्याने जुन्या गाडीची चाल सुधारताना त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. महाराष्ट्रात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

इतिहास : दोन चाकांच्या बैलगाडीस वेगळे सुकाणू लागत नाही, बैल वळले की सबंध गाडी वळते. चारचाकी वाहनात मात्र वळणाच्या आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळावे लागते, अन्यथा चाके घसटतात. गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी यासाठी योजलेल्या रचनेचे ब्रिटिश एकस्व रूडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये घेतले आणि ती आकरमान यांच्याच नावाने रूढ झाली. मोटारगाडीने हेच तत्त्व स्वीकारले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची निर्मिती केली. त्यांपैकी फियाट ११००डी ही १०८९ घ. सेंमी. एंजिनाची गाडी १९६४ पासून येथे तयार होऊ लागली. पुढे तिला प्रीमियर प्रेसिडेंट व १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले.

रचना : हिचे पुढील निलंबन स्वतंत्र असून प्रत्येक चाक वरखाली बसविलेल्या दोन भुजांवर तोललेले असते. मळसूत्री स्प्रिंग, द्रवीय आघातशोषक व झुकाव रोखणारा दांडा ही त्याची इतर अंगे होत. मागील बाजूस अखंड आस व पट्टीच्या स्प्रिंगा असतात. पुढील चाके किंगपिनभोवती वळतात. सुकाणूपेटीत मळसूत्र व रोलर यांची जोडी असते.

दोष व सुधारणा : गाडी डावी-उजवीकडे भरकटणे, सुकाणूचक्रात मोकळीक येणे व ठरावीक वेगास पुढील चाके थरथरणे या सामान्य तक्रारी होत. त्यांचे मूळ बहुधा झिजेत असते. म्हणून प्रथम किंगपिन, भुजांचे बुश, टायरॉडचे सांधे व चाकांच्या बेअरिंगा तपासून वंगण द्यावे लागते आणि झिजलेले भाग बदलावे लागतात. गाडी बहुतेक वेळ सरळ धावत असल्याने सुकाणूपेटीची झीज मध्यभागी अधिक होते. तेथील मोकळीक घालविण्यासाठी स्क्रू फाजील आवळल्यास वळणावर सुकाणू जड होते व चाके आपोआप सरळ होत नाहीत. सांधे घट्ट झाल्यावरच चाकांचे कोन जुळवावेत. किंगपिनच्या मागील कलामुळे चाके सरळ होण्याची प्रवृत्ती येते. पुढील चाकांचा आतला रोख चुकल्यास टायर लवकर झिजतात.

रेडियल टायरांमुळे वळणावरील पकड वाढते. मात्र मंद वेगात सुकाणू जड होते व जुन्या सांध्यांवरील भारही वाढतो. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापण्याची प्रथा घातक आहे. त्यामुळे भुजांचे कोन बिघडतात व चाकाच्या हालचालीस वाव कमी उरतो.

जतन : सुमारे २००० साली या गाडीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेबाहेर गेली. टॅक्सींच्या रोजच्या दुरुस्तीवरच सुट्या भागांचा व्यवसाय व कारागिरांचे हस्तकौशल्य पोसले गेले होते; तो आधार आता सुटला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील बिगर-व्यापारी गाड्यांना स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे मालकापुढे मूळ स्वरूप व सुरक्षितता यांचा मेळ घालण्याचा प्रश्न उभा राहतो. झीज दूर करून मूळ मापे परत आणणे हा या दोहोंना पोषक असा मार्ग होय. परंतु ती मापे हाताने ओळखणारा कारागीर राहिला, तरच तो मार्ग खुला राहील.