काशीदहून सरांच्या क्लासला

उठा बरं. बनाना बोट पुढच्या वेळी. तो मोबाइल इथंच काशीदच्या वाळूत पुरून ठेवा, कारण आपण चाललोय साठीच्या दशकात आणि तिथं चार्जर मिळायचा नाही. किनारा तोच, पांढराशुभ्र, पण पर्यटक औषधालाही नाही. तुमच्या हातात पत्र्याची ट्रंक आहे. आईनं तिच्यात सोडे नि आमसुलं कोंबलीत. वास तुमच्याआधी मुंबईत पोचणार.

रेवदंड्याच्या खाडीवर पूल नाही, तरीत बसा. पुढं एसटीनं अलिबाग, मग रेवस, मग लाँच. डिझेलचा धूर डोळ्यांत जातो, पायाशी कोंबड्यांची डालगी फडफडते, शेजारच्या काकूंनी नाकाशी लिंबू धरलंय. खाडीचं तोंड सुटलं की लाँच अशी डोलते, की सकाळची भाकरी गळ्याशी येते. लाजू नका, सगळ्यांचीच येते. भाऊच्या धक्क्यावर उतराल तेव्हा मासळीचं पाणी पायांखाली आणि हमालांच्या आरोळ्या कानांत. ट्रामच्या घंटेचा नाद ऐकत दादर गाठा.

मुक्काम गाववाल्यांच्या गाळ्यात. पाळी संपवून आलेल्या गिरणी कामगारानं सोडलेली चटई अजून गरम असते, तिच्यावर तुम्ही आडवे व्हायचं. भिंतीला घामट सदऱ्यांची रांग, खाली खाणावळीच्या फोडणीचा ठसका. पहाटे भोंगा वाजतो नि अख्खी चाळ एकदम खोकते. मॅट्रिकपर्यंत शिकलात, पण हातात कसब नाही. नोकरी कोण देणार? तेव्हा कुणीतरी सांगतं, अरे, जोशी सरांच्या क्लासला जा.

दादरला १९६१ साली निघालेला हा कोहिनूर क्लास. बाकावर चौघं दाटीनं बसलेत, दोघांचे खांदे तुमच्या खांद्यांवर. खडूची भुकटी नाकात जाते, पंख्याचा वारा पहिल्या रांगेपलीकडं येत नाही. समोर मनोहर गजानन जोशी उभे. वय पंचविशीच्या आत-बाहेर, पण वर्गाला धाक आहे. मूळ आपल्याच कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्यातले, माणगावकडच्या नांदवीचे. लहानपणी माधुकरी मागून शिकलेले, शिक्षकी आणि महापालिकेतली नोकरी करून इथं आलेले. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून जेवण मागितलेल्या माणसाला बाकावरच्या उपाशी पोराचं तोंड वाचता येत असावं, असं आपलं मला वाटतं. पुढं याच संस्थेत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे अभ्यासक्रम आले.

आता थोडं पुढं सरका. १९६८, महापालिकेची निवडणूक, आणि सर शिवसेनेचे उमेदवार. रात्रीच्या गल्लीत तुम्ही बादली धरून उभे. उकळलेल्या खळीचा आंबूस वास, बोटं चिकट, भिंतीवर सरांचं पोस्टर. कोपऱ्यावरच्या कर्ण्यातून आवाज कमी नि शिट्टीच जास्त. दार ठोठावलं की आतली बाई उमेदवाराचा पक्ष विचारत नाही. आमचा धाकटा तुमच्या क्लासला होता की, म्हणते नि चहा टाकते. शिवसेनेच्या सभा गाजत होत्या, हे खरंच. पण सरांना दादरच्या घराघरांत वाट करून दिली ती या बाकांनी, असं माझं ठाम मत आहे. ते नगरसेवक झाले, मग आमदार, मग महापौर.

या मधल्या बैठका आणि ठराव आपण गाळू. त्यांत ना वास, ना गर्दी. थेट १९९५च्या मार्चात उतरा, शिवाजी पार्कवर. ऊन टाळूत शिरतंय, धूळ दातांत करकरते, भगव्या झेंड्याची काठी कुणीतरी तुमच्या बरगडीत खुपसतंय. मागचा तुमच्या पायावर उभा आहे आणि त्याला उतरायची घाई नाही. व्यासपीठावर सर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतात. टाळ्यांचा असा गदारोळ उठतो, की शब्द कानांवर येतच नाहीत. शेजारचा टक्कल पडलेला गृहस्थ सांगतो, मी त्यांचा विद्यार्थी. पलीकडचाही तेच म्हणतो. सगळे खरं बोलतात असं नाही, पण त्या दिवशी कुणी कुणाला हजेरीपट दाखवायला सांगत नाही.

२००२मध्ये सर लोकसभेचे अध्यक्ष झाले. पाचशेवर खासदारांना गप्प बसवायचं काम. सवय दादरच्या वर्गातलीच. पदं बदलत गेली, तरी पक्षातले लोक त्यांना शेवटपर्यंत 'सर'च म्हणत.